रोट सरेपर्यंत

माणसाचं तोंड किती उघडतं हे कोणी मोजत बसत नाही. जेवताना उघडतं, भांडताना उघडतं, तेवढं पुरे असतं. भटूचं तोंड तर धुळ्याच्या मार्केट यार्डात सगळ्यांच्या ओळखीचं. कांद्याच्या लिलावात बोली पुकारायचं त्याचं काम, आणि तो पुकारायला लागला की पलीकडच्या शेडमधली माणसं माना वळवायची. त्याच तोंडात अठ्ठावीस वर्षं सकाळपासून झोपेपर्यंत गुटख्याची पुडी असायची. सरकारने गुटख्यावर बंदी आणली त्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली, पण त्या बंदीपायी भटूची एक पुडी चुकली असेल तर शपथ. आधी टपरीवर पुड्यांची माळ राजरोस लटकायची, नंतर टपरीवाला ती गोणपाटाखालून काढून द्यायला लागला, एवढाच काय तो फरक.

या आषाढात मात्र घोळ झाला. भटूने एक ट्रॉली अखिलशेठच्या नावाने पुकारली आणि माल उचलायला निखिलशेठचे हमाल आले. दोघे शेठ हमरीतुमरीवर आले, दोघांनीही आपलंच नाव ऐकल्याची शपथ घेतली आणि दोघंही खरं बोलत होते. ज्यांच्या आडतीवर भटू कामाला होता ते निर्मलकुमार शांत माणूस. त्यांनी भटूला बाजूला नेलं, चहा पाजला, आणि हलक्या आवाजात सांगितलं की भटूभाऊ, तुमचा शब्द आता तोंडातच राहतो, बाहेर येतो तो अर्धाच. आधी डॉक्टरला दाखवा. दिवाळीपर्यंत वाट पाहू, नाहीतर पुकारायला दुसरा माणूस लावावा लागेल.

बेबाबाईने नवऱ्याला स्कूटरवर मागे बसून, म्हणजे जवळजवळ राखणीला बसून, दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मयुरी वयाने तिच्या मुलीएवढी. मूळची नगरकडची, लग्न होऊन धुळ्यात आलेली. तिने भटूला त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या तोंडात तीन बोटं जातात. भटूच्या तोंडात एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. गालांच्या आतली कातडी वाळल्या चामड्यासारखी ताठ झाली होती आणि डाव्या बाजूला एक पांढरा चट्टा होता. मयुरीने तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली की मिटलेलं तोंड व्यायामाने थोडंफार उघडेल, पहिल्यासारखं होणार नाही. पण पुडी चालू राहिली तर ते आणखी मिटेल, आणि हा चट्टा सहा महिन्यांनी कसा दिसेल ते मला बघायची इच्छा नाही. त्या चट्ट्याचं पुढे काय होऊ शकतं तो शब्द तिने उच्चारला नाही. बेबाबाईला तो न उच्चारताच ऐकू आला.

आजवर सलग किती दिवस पुडीशिवाय राहिलात, असं मयुरीने विचारलं तेव्हा भटू पायांकडे बघायला लागला. बेबाबाईनेच सांगितलं की एक दिवस नाही. लेकाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ दुपारच्या जेवणापर्यंत टिकली होती. औषधाच्या दुकानातल्या गोळ्या चघळून झाल्या, नुसती बडीशेप खाऊन झाली, एकदा तर टपरीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने यार्डात जायचं ठरलं, तर लांबच्या रस्त्यावर दोन टपऱ्या निघाल्या. पुडी नसली की हा माणूस ताटावरून उठायचा, भिंतीशी भांडायचा, रात्री अंगणात येरझारा घालायचा. तलफ म्हणजे काय हे बेबाबाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. ती तिची सवतच होती.

उठता उठता मयुरीने पुढची तारीख दिली. बेबाबाई सहज म्हणाली की त्या आठवड्यात जमणार नाही, कानबाई आहे, घरात रोट असतील. नगरच्या पोरीला रोट काय ठाऊक असणार. मग बेबाबाईने सांगितलं: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने गहू मोजून घ्यायचे, धुवायचे, वाळवायचे, वेगळे दळायचे. त्या पिठाचे ते रोट. देवी सोमवारी पांझरा नदीवर बोळवली तरी पीठ उरतं, आणि ते घरच्याच माणसांनी खाऊन संपवायचं, पौर्णिमेच्या आत. घराघराची रीत वेगळी, पण रोट घरात आहेत तोवर दारू, मटण, पुडी काही चालत नाही.

"म्हणजे?" मयुरीने विचारलं. "त्या दिवसांत हे पुडी खात नाहीत?"

"रोटमां?" बेबाबाईलाच प्रश्न समजला नाही. "रोटमां कशी खातीन?"

मयुरीने हातातलं पेन खाली ठेवलं. किती दिवस? पाच-सहा. दर वर्षी? दर वर्षी. मग चिडचिड होते का, डोकं दुखतं का, रात्री झोप लागते का, हात खिशाकडे जातो का? बेबाबाईने आठवून पाहिलं. नाही. त्या दिवसांत तो पंगतीला वाढतो, चुलत्यांशी गप्पा मारतो, ढाराढूर झोपतो. मयुरीने भटूला विचारलं. तो बिचारा स्वतःच गोंधळला. म्हणाला, याद येत नाही. येतच नाही. आणि रोट सरले की? यावर भटू तोंड उघडेल तेवढा हसला, आणि बेबाबाईने सांगितलं की शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत यांच्या पायात चप्पल असते.

"काकू," मयुरी म्हणाली, "हा माणूस अठ्ठावीस वर्षं दर श्रावणात पुडी सोडतोय, आणि तुमच्या घरात कोणाला पत्ता नाही."

मग ती बराच वेळ बोलली. तलफ नुसती अंगात नसते, असं काहीसं. मिळेल, मिळू शकेल, मागितली तर कोणी देईल, अशी फट जिथे असते तिथूनच ती आत येते. शपथेला फट असते, कारण शपथ आपण घातलेली असते आणि आपणच मोडू शकतो. तिने असं पुस्तकात वाचलं होतं, पण समोर खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली की पहिले तीन आठवडे सगळ्यांत अवघड. एकदा ते निभावले की पुढचं बरंच सोपं जातं.

पुलावरून घरी जाताना बेबाबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. जी बला शपथेला ऐकली नाही, गोळ्यांना ऐकली नाही, सरकारला तर तिने विचारलंही नाही, ती डबाभर पिठापुढे अंग चोरून बसते. आणि हे आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या डोळ्यांदेखत, आपण लग्न होऊन आलो तेव्हापासून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

कानबाईचा शनिवार आला. गहू मोजायचं काम घरच्या पुरुषाचं. भटूच्या घरची रीत माणसामागे सव्वा शेर: एक भटूच्या नावाचा, एक बेबाबाईच्या, एक सुरतेला नोकरीला असलेल्या ललितच्या, तो येवो न येवो. भटूने मोजून दिले, बेबाबाईने जात्यावर दळले. गल्लीतल्या बाकीच्यांनी केव्हाच गिरणी धरली होती, पण सासूने जातं ज्या दिवशी तिच्या हवाली केलं त्या दिवशीच बजावलं होतं, की कानबाईचं पीठ गिरणीच्या पट्ट्याला लागू द्यायचं नाही. जात्याचं पीठ जरा भरड, जरा तांबूस निघतं. या वर्षी बेबाबाईने एक गोष्ट मात्र कोणाला न सांगता केली. मोजलेल्यांखेरीज आणखी चार शेर गहू धुतले, गच्चीवर वाळवले आणि पिशवीत भरून जात्यामागे ठेवले.

रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर गेल्या. दरसालचंच सगळं, पण या वेळी बेबाबाईचं लक्ष देवीकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त होतं. नदीवरून येताना कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने सवयीने गोणपाटाखाली हात घातला. भटूने मान हलवली आणि "रोट शेतस", म्हणजे रोट आहेत, एवढंच म्हणाला. टपरीवाल्याने हात असा मागे घेतला, जणू गोणपाटाखाली विंचू होता. बंदीला कधी भीक न घालणारा तो माणूस उलट भटूलाच हात जोडून मोकळा झाला. बेबाबाई पाहतच राहिली.

दर वर्षी गुरुवारी पीठ सरायचं. बुधवारी भटू यार्डात गेल्यावर तिने जात्यामागची पिशवी काढली. त्यातले थोडे गहू दळून झाले, पीठ रोटाच्या डब्यापाशी आणलं, आणि तिचा हात अडला. देवीच्या डब्यात चोरून हात घालायची तिच्या सात पिढ्यांत कोणाची छाती झाली नसेल. तिने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "माय, तू देखी ऱ्हायनी. त्यानं तोंड मिटी ऱ्हायनं, माले दुसरं काही सुचत नही." मग डोळे मिटून पीठ ओतलं.

संध्याकाळी भटू आला. एक चप्पल काढलेली, एक पायातच, आणि दारातूनच त्याने विचारलं, "रोट सरनात का?"

"नही. शेतस अजून."

त्याने दुसरी चप्पल काढली, हातपाय धुतले, जेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शुक्रवारी तेच. तोच प्रश्न, तीच एक चप्पल पायात. बेबाबाईला दर वेळी वाटायचं, आत दबा धरून बसलेली तलफ रोज त्याच्या तोंडून विचारतेय, सुटका कधी. तिला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. पण एवढं खरं, की तो खात नव्हता. आठ दिवस झाले, नऊ झाले, आणि रात्रीच्या येरझारा नाहीत, भिंतीशी भांडण नाही. सकाळी अंगणात उभा राहून तो मयुरीने सांगितलेला तोंडाचा व्यायाम करायचा, आणि शेजारच्या घरातली पोरं खिडकीतून त्याची नक्कल करायची.

मंगळवारी पौर्णिमा. रोट पौर्णिमा ओलांडत नाहीत, हे पोरासोरांनाही ठाऊक. बेबाबाईची झोप उडाली. सोमवारी दुपारी ती सुनंदाबाई अक्कांकडे गेली. अक्का म्हणजे भाऊबंदकीतल्या सगळ्यांत थोरल्या, नव्वदीला टेकलेल्या, दात एक नाही आणि जीभ मात्र जशीच्या तशी. बेबाबाईने त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं, पिशवीसकट. आता अक्का चुलीतलं लाकूड काढून मारतील अशीच तिची तयारी होती.

अक्कांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांचे सासरे ऐन रोटात गेले होते. सुतक पडलं, रोट तसेच राहिले, पौर्णिमा आली आणि गेली. सुतक फिटल्यावर सरवले. कानबाई काही बोलली नाही.

"पन आम्हना घरमां तं कोनी मरेल नही, अक्का," बेबाबाई म्हणाली.

"कसं नही?" अक्का म्हणाल्या. "तुन्हा घरमां पुडी मरी ऱ्हायनी. तिनं सुतक धर. ती पुरी मरस तवलगून रोट ऱ्हाऊ दे."

बेबाबाईला हसू आलं आणि रडूही आलं. अक्कांनी वर एवढंच बजावलं, की पीठ दळलेलं असावं, विकत आणलेलं नको, आणि रोज एक तरी पोळी दोघांनी अर्धी अर्धी खावी.

पण जात्यामागची पिशवी त्याच दिवशी रिकामी झाली होती. नवे गहू धुवायचे तर पाऊस हटत नव्हता, गच्चीवर फडकं सुकत नव्हतं तिथे गहू काय सुकणार. डब्यात दोन दिवसांचं पीठ होतं. बेबाबाईने मनाशी हिशेब सोडून दिला. देवीने अकरा दिवस दिले, अकरा तर अकरा. पुढे ती आणि तिची मर्जी. रोज एका पोळीचं पीठ काढायचं आणि डब्याचं झाकण लावायचं, आत बघायचंसुद्धा नाही, असं तिने ठरवलं.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी तिने रिकाम्या डब्यात हात घातला आणि हात पिठात बुडाला. तिने झाकण लावलं, देवासमोर दिवा लावला, पुन्हा झाकण काढलं. पीठ होतं. चौथ्या दिवशी होतं. पाचव्या दिवशीही. बेबाबाई ओट्याला पाठ टेकून खाली बसली. लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टींत भांडी सरत नसत, पण त्या गोष्टी होत्या आणि हा तिचा स्वतःचा स्टीलचा डबा होता, लेकीच्या, भाविकाच्या लग्नात आहेर आलेला, झाकणावर नाव कोरलेला. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर सरेल अशी भीती वाटली.

सतराव्या दिवशी कणीक मळता मळता तिची बोटं थबकली. कणीक मऊ लागत होती, फार मऊ. तिने चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं आणि उजेडात नेलं. पांढरंशुभ्र, मैद्यासारखं वस्त्रगाळ. हे जात्याचं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, कानबाईनेही आता गिरणी लावली की काय. मग दुसरा विचार आला. गेले चार-पाच दिवस भटू पहाटे तिच्या आधी उठत होता. एकदा तिला मागच्या खोलीतून त्या जुन्या कूलरचं पत्र्याचं दार वाजल्याचा आवाज आला होता. तो कूलर म्हणजे भटूची पुड्या लपवायची जागा. भर पावसाळ्यात कूलरशी कोणाचं काय काम? पिठाचं राहिलं बाजूला. तिच्या मनात एकच गोष्ट बसली: सुरू केली याने. रोट घरात असताना सुरू केली.

भटू यार्डात गेला होता. बेबाबाई मागच्या खोलीत गेली. कूलरच्या दाराची खिट्टी काढताना तिने देवीचं नाव घेतलं नाही, कारण देवीकडे आता काय तोंडाने मागायचं ते तिला कळेना. दार उघडलं आणि आत हात घातला.

हाताला आधी पुड्यांची माळ लागली. सात पुड्या, एकाही पुडीचं तोंड फाडलेलं नाही, आणि त्यांच्यावर धूळ. एका कोळ्याने कूलरच्या जाळीपासून तिसऱ्या पुडीपर्यंत जाळं विणलं होतं. ते जाळं कुठेच तुटलेलं नव्हतं. आणि त्या माळेच्या मागे, हात आणखी वीतभर आत घातला की लागेल अशा जागी, किराणा दुकानातलं आट्याचं पाकीट होतं. अर्धं झालेलं. तोंड नीट घडी घालून वाळत घालायच्या कपड्यांचा चिमटा लावलेला.

बेबाबाई कूलरसमोर फरशीवर बसली. दर श्रावणात गहू मोजणारा हाच माणूस. सव्वा शेर तीनदा, किती दिवस पुरतं ते त्याच्याएवढं कोणाला ठाऊक. म्हणजे डब्यात भर पडतेय हे पहिल्या गुरुवारीच त्याला कळलं होतं. आणि पीठ सरतंय हे दिसल्यावर तो पहाटे उठून इथे येत होता, सात पुड्यांवरून, ते जाळं न तोडता हात आत घालत होता, आणि पीठ घेऊन जात होता. तिने आजवर देवीचा चमत्कार म्हणून दिवे लावले ते फुकट गेले असं तिला वाटलं नाही. उलट आणखी एक लावावासा वाटला, फक्त कोणासमोर ते कळेना.

तिने पाकिटाची घडी होती तशी केली, चिमटा होता तसा लावला. कोळ्याचं जाळं सांभाळत हात बाहेर काढला आणि खिट्टी लावली. अक्कांनी विकतचं पीठ नको म्हणून बजावलं होतं हे तिला आठवलं. पण अक्कांना सगळंच सांगायला हवं असं नाही.

संध्याकाळी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. भटू दारात आला. एक चप्पल काढली, दुसरी पायात राहिली, हात चौकटीला.

"रोट सरनात का?"

चौदा दिवस तो हाच प्रश्न विचारत होता आणि चौदा दिवस तिने तो उलटा ऐकला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती, आणि तिचं उत्तर येईपर्यंत तो श्वास घेत नव्हता.

"नही सरनात," बेबाबाई म्हणाली. "भलता शेतस अजून."

भटूने दुसरी चप्पल काढली आणि जेवायला बसला. तिने पोळी मोडली, अर्धी त्याला वाढली, अर्धी स्वतः घेतली. पोळी फार मऊ झाली होती. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल काही बोललं नाही.